अद्भुताचे मोल

डॉ. जयंत विष्णु नारळीकर ह्यांचे २० मे २०२५ रोजी पुणे येथे निधन झाले. त्या निमित्ताने त्यांच्या कथा-कादंबऱ्या आम्ही पुन्हा एकवार ओळीने वाचावयास घेतल्या. एका पुस्तकाने दुसऱ्यास हाक मारावी त्याप्रमाणे त्यांच्या मागोमाग नारायण धारप आले, सुबोध जावडेकर आले, जी. ए. कुलकर्णी आले, आणि परक्या भाषेतील दोघे नामांकित ग्रंथकारही बैठकीस येऊन बसले. ह्या वाचनाचे जे ठसे आमच्या मनावर उमटले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठी विज्ञानकथेचा समग्र इतिहास सांगण्याचा आव आम्ही आणीत नाही. तो ज्यांनी सांगावयाचा ते सांगोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आपल्या सुशिक्षित घरांतून ह्या प्रकारच्या पुस्तकांकडे पाहण्याची एक ठरीव रीत आहे. मुलांना उन्हाळ्याच्या सुटीत काहीतरी हवे म्हणून ती आणावयाची, मुलगा दहावीला गेला की ती माळ्यावर टाकावयाची, आणि वडील मंडळींनी ती हातीही धरावयाची नाहीत! ज्या घरात संध्याकाळी देवापुढे निरांजन लागते आणि त्याच घरातील मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत ग्रहणाची आकृती काढते, त्या घराला ह्या वाङ्मयाची गरज इतरांपेक्षा अधिक आहे असे आम्हांस वाटते. कारण त्या घरात दोन जगे एकाच छपराखाली नांदत असतात आणि त्या दोहोंत कधी उघड बोलणे होत नाही. ते बोलणे घडवून आणण्याचे सामर्थ्य विज्ञानकथेत व अद्भुत कथेत आहे. ते किती लेखकांनी वापरले, हाच आमच्या वाचनाचा मुख्य प्रश्न होता.

मराठी कादंबरीच्या जन्मकाळीच हा प्रश्न एका निराळ्या रूपाने निघाला होता. नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक विमानातून संचार करतो; आणि हे राइट बंधूंच्या पुष्कळ आधीचे! विमानापेक्षा आम्हांस त्या पुस्तकाची प्रस्तावना अधिक मोलाची वाटते. आमच्या समाजाच्या चालीरीती, आमची लग्ने, आमचा दिनक्रम ही इतकी बेतशीर आहेत की त्यांचे जसेच्या तसे वर्णन केले तर त्यात वाचकास काही रस वाटणार नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचा खुलासा रिसबुडांनी तीत केला आहे. असा प्रांजळपणा ग्रंथकारांत क्वचितच आढळतो. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो' लिहून ह्या म्हणण्याचे एका बाजूने उत्तर दिले. पुण्यातील एका विधवेच्या दिनक्रमात केवढा रस आहे, तो किती भयंकर आहे, हे त्यांनी दाखविले. दुसऱ्या बाजूचे उत्तर मात्र बरीच वर्षे राहून गेले. अद्भुत हे बेतशीर जीवनाच्या बाहेर, राजवाड्यात व मायावी अरण्यातच असते, ही रिसबुडांची समजूत तशीच पुढे चालत आली. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ साली निघाली आणि तिने मराठी वाचकांची झोप उडविली. ती आजही हाती घेतली तर सहज खाली ठेववत नाही. परंतु तिच्यातील जादू ही वीरधवलाच्या राज्यातील जादू आहे. पुस्तक मिटले की ती त्या राज्यातच राहते, आपल्या उंबऱ्याच्या आत तिचे पाऊल पडत नाही.

ते पाऊल नारळीकरांनी आत आणले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने आली व तिला पहिले पारितोषिक मिळाले. जगताप म्हणजे नारळीकरच होते. नावाची आद्याक्षरे त्यांनी उलट क्रमाने घेतली होती, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताई ह्यांनी लिहून काढली होती. जगन्मान्य शास्त्रज्ञाने आपल्या नावाचा भार परीक्षकांवर पडू नये एवढी काळजी घ्यावी, हे त्या कथेइतकेच आम्हांस आवडते. पुढल्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत ह्यांनी ह्या नव्या कथेची आवर्जून दखल घेतली, आणि १९७९ साली 'यक्षांची देणगी' हा संग्रह निघाला. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले तेव्हा प्रकृतीच्या कारणास्तव ते तेथे जाऊ शकले नाहीत. परंतु मराठी विज्ञानकथेला साहित्याच्या पंक्तीत पाट मिळाला, ह्याची ती एक प्रकारे पोचपावतीच होती.

आता कादंबऱ्यांकडे वळू. 'वामन परत न आला' ही त्यांतली सर्वांत गाजलेली. भूमीच्या पोटात एक पेटी सापडते. ती आपल्यापूर्वीच्या कोणा अतिप्रगत संस्कृतीने मागे ठेविलेली असते. तिच्यातील ज्ञानाच्या आधारे आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवितात. तो ठेंगणा, म्हणून त्याचे नाव वामन. हा वामन आपल्या निर्मात्यांहून बुद्धिमान निघतो आणि आपल्यासारखे आणखी वामन निर्माण व्हावे, ही इच्छा त्याच्या ठिकाणी उत्पन्न होते. पुढे काय होते ते आम्ही सांगत नाही. ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा अधिकार टीकाकारास नाही. बटूने तीन पावले भूमी मागावी आणि ती देतादेता दात्याचे सर्वस्व जावे, ही बळीची कथा येथे किती चपखल बसविली आहे, एवढेच सांगतो. यंत्रे माणसाहून शहाणी होतील काय, ही चर्चा आज चहाच्या टपरीवरही चालते. ही कादंबरी निघाली तेव्हा आपल्याकडे संगणक ही वस्तू पुष्कळांनी पाहिलीही नव्हती.

असे असूनही कादंबरी वाचून झाल्यावर आमच्या मनात एक प्रकारची कोरड राहिली. कारण शोधू गेलो तेव्हा ते पात्रांच्या स्वभावचित्रणात आहे असे आधी वाटले. विज्ञानकथेतील पात्रे लाकडी असतात, हा आक्षेप इतका जुना आहे की तो पुन्हा करण्यात स्वारस्य नाही. खरे कारण त्याहून खोल आहे. ह्या कादंबरीत संकट बाहेरून येते. ज्यांच्यावर ते येते ती माणसे बुद्धिमान, सज्जन व मूलतः एकमताची आहेत. त्यांच्यात मतभेद होतो तो उपायांविषयी. जग कसे आहे ह्याविषयी त्यांच्यात वाद नाही. कोणाच्या घरात त्या शोधामुळे चूल विझत नाही, कोणाच्या श्रद्धेला तडा जात नाही, कोणा बापाला मुलापुढे मान खाली घालावी लागत नाही. धोका साऱ्या मानवजातीला आहे खरा. परंतु साऱ्या मानवजातीला असलेला धोका वाचताना अंगावर काटा येत नाही. काटा येतो तो एका कोणाचे काही गेले म्हणजे. 'व्हायरस' ह्या कादंबरीतही जगभरचे संगणक बिघडू लागतात. वाचक शेवटपर्यंत उत्सुक राहतो, पण ती उत्सुकता गणित सुटते की नाही ह्याची असते.

ह्याच लेखकाच्या दोन लघुकथा शेजारी ठेविल्या की आमचे म्हणणे स्पष्ट होईल. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही पहिली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पडतात की जेथे १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा जय झाला आहे. विश्वासरावांना लागावयाची गोळी तेथे निसटून गेली आहे, आणि एवढ्याशा फरकाने हिंदुस्थानचा सारा इतिहास पालटला आहे. त्या जगात ते पुण्याहून मुंबईस जातात ते जिजामाता एक्स्प्रेसने. आम्हां बुलढाणेकरांना येथे क्षणभर थांबावेसे वाटते. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. लखुजी जाधवांचा वाडा अजून तेथे पाहावयास मिळतो. लेखकाने ते नाव गाडीला देताना आमच्या गावाचा विचार केला असेल असे नव्हे. पण जिंकलेल्या मराठ्यांच्या जगात आगगाडीला कोणाचे नाव पडले असते, हे एका शब्दात सांगावे आणि पुढे निघावे, ही खरी कादंबरीकाराची दृष्टी. ती नारळीकरांजवळ होती. कादंबऱ्यांत तिला वाव थोडा मिळाला.

ह्या कथेत अद्भुत कोठे घडते? ग्रंथालयात, बखरीच्या एका पानावर. आणि त्याची किंमत कोण देतो? नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषविलेले स्वतः गंगाधरपंत! त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर व्याख्यान चालू असता व्यासपीठावरची अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसते. ती रिकामी पाहणे पंतांना कसे सहन होणार? ते जाऊन बसतात, बोलू लागतात, आणि श्रोते त्यांच्यावर जे हाती लागेल ते फेकतात. परत आपल्या जगात आल्यावर पानिपतावरील आपले हजारावे व्याख्यान देण्याची त्यांची हौस फिटलेली असते. किंमत लहान आहे, विनोदी आहे, पण ती एका ओळखीच्या माणसाने रोख मोजलेली आहे. सभांना अध्यक्ष होण्याचे व्यसन लागलेले असे पंत कोणत्या मराठी गावात नाहीत! इतिहास असाही घडू शकला असता, हे समजण्यासाठी एका विद्वानाला आपली खुर्ची सोडावी लागली. रिसबुडांना शतकानंतर मिळालेले दुसऱ्या बाजूचे उत्तर आम्ही हेच समजतो.

दुसरी कथा 'धूमकेतू'. दत्तबाबू नावाचा एक हौशी खगोलप्रेमी दुर्बिणीतून नवा धूमकेतू शोधून काढतो. त्याला आनंद होतो, मान मिळतो. आणि मग गणित सांगते की हा धूमकेतू पृथ्वीवर आदळण्याचा संभव आहे. शास्त्रज्ञ अवकाशात स्फोट घडवून त्याचा मार्ग बदलण्याच्या खटपटीस लागतात. इकडे दत्तबाबूंच्याच घरात त्यांची पत्नी अरिष्टशांतीसाठी यज्ञ मांडते आणि नातवाला त्यात बसविते. धूमकेतू टळतो. तो का टळला ह्याविषयी गणिताला शंका नाही. पण घराला आहे. पन्नास वर्षे एकमेकांबरोबर संसार केलेल्या दोन माणसांमध्ये तो टळलेला धूमकेतू जाऊन पडला आहे, आणि तेथे जो खड्डा झाला आहे तो कोणत्याही अवकाशयानाने बुजणारा नाही. नारळीकरांनी ह्या कथेची दीडशे-दोनशे पानांची कादंबरी केली असती तर मराठीला एक थोर कादंबरी मिळाली असती असे आम्हांस निश्चयाने वाटते. त्यांनी ती केली नाही. बाईच्या बाजूने बोलण्यास तेथे फारसा अवसरही ठेविला नाही, आणि हा त्या कथेतील मोठा उणेपणा होय. जिला यज्ञ करावासा वाटला तिचे भय खोटे नव्हते. ते भय दुर्बिणीतूनच तिच्या घरात आले होते.

'धूमकेतू' वाचीत असता आमचे लक्ष वारंवार लोणारकडे जात होते, आणि ते केवळ जिल्ह्याच्या अभिमानाने नव्हे. जी गोष्ट दत्तबाबूंच्या पृथ्वीवर टळली ती आमच्या मातीत एकदा प्रत्यक्ष घडून गेलेली आहे. काळ्या पाषाणाच्या थरात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे व सुमारे १५० मीटर खोल असे ते विवर अशनीच्या आघाताने झाले. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे मुख असावे असे पुष्कळ काळ मानले गेले. पुढे आघातानेच तयार होणारी काच व दडपलेले पाषाण तेथे सापडले आणि १९७३ पर्यंत त्याविषयी शास्त्रज्ञांत फारशी शंका उरली नाही. वयाविषयी मात्र एकवाक्यता नव्हती. आधी बावन्न हजार वर्षे सांगत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांपर्यंत मागे नेले. अकरापट फरक! एखाद्याच्या जन्मपत्रिकेत असा फरक निघाला असता तर ज्योतिषाने पोथी मिटली असती. शास्त्र ती उघडीच ठेविते, हा त्याचा मोठेपणा.

परंतु त्याच विवराची दुसरीही एक हकीकत आहे आणि ती गावातील लहान मूलही सांगते. येथे भूमीखाली लवणासुर राहात असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले. असुराच्या बहिणी त्याच्यावर भाळल्या व त्यांनी भावाच्या बिळाचा पत्ता दिला. देवाने पायाच्या अंगठ्याने बिळाचे झाकण उडविले आणि असुराचा वध केला. खारे पाणी ते त्याचे रक्त. दैत्यसूदनाचे देऊळ गावात आहे, कमळजादेवीचे खाली तळ्याच्या काठी आहे, आणि विवराच्या कडेला दगड तपासणारा विद्यार्थी व धारेवर स्नान करणारा यात्रेकरू हे एकाच पायवाटेने जातात. दोघांचीही कथा वरून आलेल्या एका आघाताची आहे. साहित्याच्या दृष्टीने पाहता पुराणकथेत एक गोष्ट अधिक आहे: त्या बहिणी. प्रेमापायी त्यांनी भाऊ गमावला. विवर कसे झाले ह्याचा तो खुलासा म्हणून काही कामाचा नाही. पण विवर होण्याची किंमत कोणी दिली, हे त्यात आहे. अशनीच्या हकिकतीत तेवढे नाही, आणि असण्याचे कारणही नाही. ते पुरविणे हे कादंबरीकाराचे काम.

२०२० च्या जून महिन्यात तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा हे सारे आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा घडले. पाणी आटून क्षार वाढले होते आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून तसे सांगितले. ते वर्ष महामारीचे होते, माणसे घरांत कोंडलेली होती, आणि असुराच्या रक्ताची आठवण निघावयास ह्याहून योग्य वेळ कोणती? त्या महिन्यात लोणारातील एका घरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुलगी व तिची आजी ह्यांच्यात काय बोलणे झाले असेल, हे सांगणारी कादंबरी लिहावयास यंत्रमानव नको की अवकाशयान नको.

येथे एका शंकेचा विचार केला पाहिजे, कारण ती आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या मनात आली असेल. नारळीकर आपल्या शोधांना व यंत्रांना पुराणांतील नावे देतात: वामन, भस्मासुर, यक्ष. ह्याने, आमच्या पूर्वजांना हे सर्व ठाऊक होते, त्यांच्याजवळ विमाने होती व अस्त्रे होती, ह्या सुखद गैरसमजास खतपाणी मिळत नाही काय? मिळू शकते, वाचक आळशी असला तर कशानेही मिळते. परंतु लेखकाची बाजू स्वच्छ आहे. २००८ साली ह्याच लेखकाने डॉ. नरेंद्र दाभोलकर व इतर सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची रीतसर परीक्षा घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून कोणती कोणाची ते ज्योतिषांनी ओळखावयाचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली आणि त्यांतली बरोबर निघाली ती सुमारे शेकडा ४६. नाणे उडविले असते तरी शेकडा पन्नास आली असती! असा माणूस वामनाचे नाव घेतो ते पुराण हे विज्ञान आहे म्हणून नव्हे. आपण दिलेल्या दानाखाली आपणच गाडले जाऊ, हे भय मराठी वाचकाच्या रक्तात त्या नावाने आधीच आहे, ते जागे करावयाचे असते म्हणून घेतो. नावाचा हा उपयोग आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. आमची तक्रार एवढीच की वामन आला, पण बळी आला नाही. ज्याने हसत मस्तक पुढे केले असा दाता त्या कादंबरीत कोठे आहे?

परक्यांचे उदाहरण द्यावयाचे तर एच. जी. वेल्स ह्यांचे द्यावे. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९८ साली पुस्तकरूपाने निघाली. मंगळावरचे जीव कोठे उतरतात? लंडनमध्ये नव्हे, वोकिंग गावाजवळच्या माळावर. जेथे लेखकाच्या काळचे लोक रविवारी फिरावयास जात. चिखलीच्या किंवा मेहकरच्या माळावर उतरावे तसे! शेजारचा दूधवाला, स्टेशनातील हमाल, ओळखीची पाटी ह्यांच्यामध्ये ते भयंकर यंत्र उभे राहते. आणि आरंभीच वेल्स आपल्या देशबांधवांस टास्मानियाची आठवण देतात: गोऱ्यांनी तेथील माणसांचे जे केले तेच मंगळवासीयांनी आपले केले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? किंमत कोणी मोजली व कोणी चुकविली ह्याचा हिशेब पहिल्या प्रकरणातच मांडून ठेवणारी अशी दुसरी विज्ञानकादंबरी आमच्या वाचनात नाही.

मराठीत हिशेबाचे हे धैर्य सुबोध जावडेकरांनी दाखविले. त्यांच्या 'आकांत' ह्या कादंबरीचा विषय भोपाळ. १९८४ च्या डिसेंबरात, २ व ३ तारखांच्या मधल्या रात्री, कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि झोपलेल्या वस्त्यांतून पसरला. येथे परग्रह नाही, भविष्यकाळ नाही, कोणी ह्या पुस्तकास विज्ञानकथा म्हणावयास कचरेलही. आम्ही निःशंकपणे म्हणतो. रसायनाचे ज्ञान, यंत्राची जुळणी, देखभालीत केलेली काटकसर आणि त्यांच्या टोकाशी असलेला मनुष्य, ही साखळी जो कडीकडीने दाखवितो तोच विज्ञानाची कथा लिहितो. जावडेकर स्वतः रसायन अभियंते. कारखाना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. हे पुस्तक रात्री निजताना वाचू नये.

धारपांविषयी थोडक्यात सांगतो. त्यांच्या भयकथांचा वाचकवर्ग फार मोठा आणि तो उगाच नाही. जुना वाडा, अंधारा जिना, वरच्या मजल्यावरची बंद खोली ही त्यांनी अशी उभी केली की मराठी मध्यमवर्गाने स्वतःच्या घरातील जिना रात्री चढताना दिवा लावावा. 'लुचाई' परकीय कादंबरीच्या आधाराने लिहिलेली आहे, हे तिचे वाचक जाणतात. तरीही तिच्यातील भीती इथल्या मातीत रुजली आहे. आमचे भांडण त्यांच्या समर्थाशी आहे. संकट आले की समर्थ येतात, त्यांच्याजवळ सामर्थ्य आहे, ते दुष्ट शक्तीचा बंदोबस्त करून निघून जातात आणि घर पूर्ववत होते. वाचकाला सुटका मिळते, पण ती उसनी. ज्या कथांत समर्थ नाहीत, ज्यांत भ्यालेल्या माणसास आपल्याच हिमतीवर रात्र काढावी लागते, त्या धारपांच्या खऱ्या कथा.

इथवर आम्ही ओळखीच्या माळाचे, घराचे, ग्रंथालयाचे इतके कौतुक केले की अद्भुत हे अंगणातच उतरले पाहिजे असा आमचा नियम आहे, असे कोणी समजेल. जी. ए. कुलकर्णी तो नियम एका फटक्यात मोडून टाकतात. 'रमलखुणा' ह्या १९७५ च्या पुस्तकात दोनच दीर्घकथा आहेत, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. त्यांतील देश कोणत्याही नकाशात नाहीत, नावे कोणत्याही पंचांगात नाहीत. तरीही त्या वाळवंटातील वाळू आपल्या दातांखाली येते. कारण तेथे फुकट काही मिळत नाही. एक प्रश्न विचारला तरी त्याचे मोल पडते, उत्तर मिळाले तर दुप्पट पडते, आणि ते मोल विचारणाऱ्याच्याच गाठीचे जाते. मायावी देशाची कथा म्हणून 'वीरधवल'च्या शेजारी हे पुस्तक ठेवून पाहावे. तेथे जादू नायकाच्या मदतीस येते. येथे ती नायकास सोलून काढते. भाषा कोठे कोठे फार नटलेली आहे, एकेका वाक्यावर रत्नांचे ओझे झाले आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण अंगातील हाडे जागच्या जागी आहेत.

ह्याच जातीचे एक इंग्रजी पुस्तक मुलांसाठी म्हणून लिहिले गेले: उर्सुला ले ग्विन ह्यांचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', साल १९६८. शेकडो बेटांचे एक जग. तेथे प्रत्येक वस्तूला एक खरे नाव आहे आणि ज्याला ते ठाऊक त्याची वस्तूवर सत्ता चालते. नाममाहात्म्य हरिपाठातून ऐकलेल्या मराठी वाचकास हे समजावयास काही अडचण पडू नये. गेड नावाचा शेळ्या राखणारा, फार हुशार व फार मानी मुलगा जादूच्या विद्यालयात शिकावयास जातो. सोबत्याने डिवचले म्हणून ईर्षेने मेलेल्यांस बोलावू पाहतो आणि त्या फटीतून एक काळी छाया जगात येते. ती फट बुजविण्यासाठी विद्यालयाचे वृद्ध मुख्य गुरू आपले सर्व बळ खर्च करतात व त्यातच मरण पावतात. मुलांच्या पुस्तकात, पुस्तकाचा तिसरा हिस्साही झाला नाही तोच, हुशार विद्यार्थ्याच्या अहंकाराची किंमत म्हणून एक थोर गुरू मरतो! पुढे सारे पुस्तक गेड त्या छायेपासून पळत असतो आणि नंतर तिच्या मागे जात असतो. पहिला नंबर आणण्याखेरीज मुलांशी दुसरे काही न बोलणाऱ्या पालकांनी हे पुस्तक आधी स्वतः वाचावे. वाक्ये साधी आहेत. बेताचे इंग्रजी येणारासही जमण्यासारखी.

घरात कोणते पुस्तक आधी आणावे असे आम्हांस विचारतील त्यांना आम्ही 'यक्षांची देणगी' सांगू, आणि ते मुलांच्या हाती न देता जेवणानंतर मोठ्याने वाचावे असे सुचवू. 'धूमकेतू' वाचावयाची झाल्यास घरातील सर्वांत वडील बाईस अवश्य बोलवावे आणि यज्ञ करणाऱ्या बाईची बाजू तिला मांडू द्यावी. 'वामन परत न आला' मोठ्या मुलांनी आपले आपण वाचावे. तेथे सोबत लागत नाही. 'आकांत' मोठ्यांसाठी. 'रमलखुणा' मात्र कोणी कोणाला देऊ नये. ज्याला ती हवी असेल तो ती कपाटातून स्वतःच काढून नेतो.